साठ कर्बांची फुलारीण

परीक्षांचा हंगाम आणि लग्नसराई आमच्याकडे एकाच महिन्यात का यावी, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. ज्या दिवसांत माणसानं पंख्याखाली निमूट पडून राहावं, त्याच दिवसांत आम्ही पोरांना तासन्‌तास लिहायला बसवतो आणि स्वतः जरीचे कपडे घालून मांडवात जेवायला जातो. यंदाही तेच चाललंय. कॉलेजात तोंडी परीक्षा सुरू झाल्यात. माझ्या पर्सच्या एका कप्प्यात प्रश्नांचे कागद आहेत आणि दुसऱ्यात लग्नपत्रिका. गल्लीत सकाळी टँकर येतो, त्याच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याची रेघ रस्त्यावर उमटते आणि टँकर कोपऱ्यावर वळेपर्यंत वाळूनही जाते. ती रेघ दिसली की मी कपाट उघडते आणि मण्यांचा एक चेंडू काढून बघते. असेल मोसंबीएवढा. पांढरे मणी आता जरा पिवळट पडलेत, लाल मात्र शाबूत आहेत. हलवला की आत काहीतरी खुळखुळतं.

हा चेंडू मी दरवर्षी वर्गात नेते. रसायनशास्त्राच्या भाषेत तो फुलरीनचा नमुना आहे. कर्बाचे साठ अणू एकमेकांना धरून बसले की जो गोल, पोकळ रेणू तयार होतो, त्याला फुलरीन म्हणतात. आमच्या घरच्या भाषेत ती फुलारीण आहे. माळ्याची माळीण तशी फुलाऱ्याची फुलारीण. हे बारसं कमलमावशीनं केलं. मी फुलरीन म्हणाले, तिनं फुलारीण ऐकलं, आणि एकदा मावशीनं ऐकलं की शब्दकोशानं गप्प बसायचं असतं.

माझं लग्न झालं ते वर्ष दुष्काळाचं. त्याच्या आदलंही दुष्काळाचंच होतं, पण आदल्या वर्षी लोकांना अजून आशा होती. तेव्हा आम्ही पुंडलिकनगरात राहायचो. नळाला पाणी कधी येईल हे देवालाही ठाऊक नसे, आणि शहराबाहेर जिकडं बघावं तिकडं प्लॉटिंगच्या पाट्या लागलेल्या. प्रत्येक पाटीवर हिरवंगार झाड, निळंशार कारंजं आणि खाली "पाण्याची मुबलक सोय". बाबा कचेरीतून येताना रोज एक नवी पाटी वाचून यायचे आणि म्हणायचे, "ह्या गावातलं सगळं पाणी पाट्यांवर गेलंय बघ." शहर चारी बाजूंनी फुगत होतं आणि मधली मंडळी बादल्या घेऊन रांगेत उभी होती.

माझं स्थळ पिशोरचं. घरी शेती, मुलगा वाळूजच्या कारखान्यात नोकरीला. नाव विलास. पिशोरच्या विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा मुलाकडच्यांनी निरोप धाडला की लग्न शहरातच उरकू. शहरात तरी पाणी कुठं होतं? बैठकीत दागिने आणि मानपान पहिल्या चहातच मिटलं, पण टँकर कुणी आणायचा यावर दोन चहा आणि एक सरबत लागलं. शेवटी ठरलं, हात धुवायचा टँकर मुलीकडचा, प्यायच्या पाण्याचे जार मुलाकडचे. असा करार दुसऱ्या कुठल्या मुलखात होत असेल असं मला वाटत नाही.

त्याच सुमाराला माझं एम.एस्सी. संपत आलं होतं. लेखी पेपर झाले होते, राहिली होती फक्त तोंडी परीक्षा, आणि तिच्यासाठी मी निवडलेला विषय फुलरीन. ती परीक्षा लग्नाच्या बरीच आधी व्हायची होती. मग ती लांबली. मग आणखी लांबली. आणि एके दुपारी मैत्रिणीचा फोन आला की नवी तारीख लागली आहे. लग्न झालं की त्याच्या दुसऱ्या दिवशी पिशोरला पूजा, आणि पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठात माझी तोंडी.

आईनं लाटणं खाली ठेवलं आणि विचार करून सांगितलं, "सासरच्यांपाशी यातलं अक्षर काढायचं नाही. नव्या नवरीनं अंगाची हळद निघायच्या आत वेस ओलांडायची नसते. आधीच टँकरवरून एवढं झालं. पुढच्या वर्षी देशील."

बाबांनी पेपर जरा उंच धरला. पुढच्या वर्षी. आमच्या घरात हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. वरची खोली पुढच्या वर्षी, काशीयात्रा पुढच्या वर्षी, पाऊसही पुढच्या वर्षी. माझ्या दोन वर्गमैत्रिणी "पुढच्या वर्षी" म्हणून गेल्या होत्या, त्यांतली एकही परत आली नव्हती. आईला हे कळत नव्हतं असं नाही. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ती पोळ्या भराभर लाटायची. त्या दिवशी तिनं गरजेपेक्षा कितीतरी जास्त पोळ्या लाटल्या.

मी रुसले. रुसून जायला हक्काची जागा म्हणजे उस्मानपुऱ्यातली कमलमावशी, आईची धाकटी बहीण. मावशीचं घर त्या दिवसांत रुखवताचा कारखाना झालं होतं. मांडवात मुलीच्या हातची म्हणून जी कलाकुसर मांडतात, ती आमच्या खानदानात सगळी मावशीच्या हातची असे. मण्यांची तुळस, मण्यांचा पोपट, मण्यांनी मढवलेला नारळ. माझ्या नावावर खपवायला तिनं एक आख्खं डाळिंब विणलं होतं, दाण्यांसकट. ती म्हणाली, "तू नुस्ती तोंड पाडून बसणार असशील तर सुई ओवून दे. अन् कशाची परीक्षा बुडतीय ते तरी सांग."

मी सांगायला लागले, आणि इतके दिवस पुस्तकात वाचलेलं मला पहिल्यांदाच मराठीत बोलावं लागलं.

"कर्बाच्या अणूला चार हात असतात, मावशी."

"देवीला असतात तसे?"

"तसेच समज. पण ह्या चेंडूत प्रत्येकाला शेजारी तीनच."

"मग चौथ्या हाताचं काय करतो?"

"तो तिघांपैकी एकालाच देतो. दोघांना एकेका हातानं धरायचं आणि तिसऱ्याला दोन्ही हातांनी. त्याला दुहेरी बंध म्हणतात."

मावशीनं दोरा दातानं तोडला. "त्यात काय नवल. सगळ्या शेजाऱ्यांशी गोडच राहावं, पण वाटी घेऊन जायचं घर एकच असतं."

दुहेरी बंधाची याहून चांगली व्याख्या मला पुढं कुठल्या पुस्तकात सापडली नाही. वर्गात मी अजून हीच सांगते. हल्लीची पोरं फ्लॅटमध्ये वाढलेली, ती विचारतात, वाटी घेऊन म्हणजे काय मॅडम? मग मला आधी वाटी शिकवावी लागते आणि नंतर बंध.

तो चेंडू मण्यांचा करून रुखवतात मांडायचा, ही कल्पना कुणाची यावर मावशी आणि मी अजून भांडतो. मला वाटतं माझी. परीक्षा नाही तर नाही, निदान विषय तरी मांडवात येईल. मी गुलमंडीवरून पांढरे मणी आणले, मोजून साठ. साठ अणू, साठ मणी. एम.एस्सी.च्या पोरीला यापेक्षा जास्त गणित कशाला लागतं?

पहिला प्रयत्न माझा. पुस्तकातल्या चित्रात सहा बाजूंच्या आकृत्या जास्त दिसत होत्या, म्हणून मी सहा-सहा मण्यांची फुलं एकमेकांना जोडत गेले. मण्यांचं काम छान वाढत होतं, फक्त ते काही केल्या वळेना. मी वाट बघतेय, आता वाकेल, मग वाकेल. शेवटी मावशीनं ते उचललं, टेबलावर पसरलं आणि त्यावर पाण्याचा पेला ठेवला. "रुमाल चांगला झालाय," म्हणाली.

माझी मान खिडकीकडं वळली. तिच्या गल्लीत त्याच आठवड्यात महापालिकेच्या माणसांनी षटकोनी पेव्हर ब्लॉक बसवले होते. नळाला पाणी नव्हतं, पण गल्ली चकाचक. सहाला सहा जोडून, फट न ठेवता, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. नुसते षटकोन जोडत गेलं तर कितीही जोडा, सपाटच राहतं. कर्बही तसाच आहे. षटकोनांचे सपाट थर एकावर एक रचले की पेन्सिलीतलं शिसं होतं. ते थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून तर कागदावर अक्षर उमटतं. माझ्या हातून चेंडूऐवजी पेन्सिल तयार झाली होती.

दुसरा प्रयत्न मावशीचा. तिचं म्हणणं साधं होतं. "शुभकार्याला सहा कुणी सांगितलं? पाच सवाष्णी, पाच फळं, विड्याला पानं पाच. सहा असतात ते षड्रिपू." तिनं सगळी फुलं पाच-पाच मण्यांची घेतली. ते मात्र भराभर वळलं. इतकं वळलं की बघता बघता मिटलंच, आणि तिच्या तळहातावर एक टणक, लिंबाएवढा गोळा राहिला. बारा पंचकोन, की झाला दरवाजा बंद. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत बसलो.

"ह्याला मिरच्या बांधून दाराला लाव," मी म्हणाले. मावशी इतकी हसली की मण्यांची वाटी लवंडली, आणि बराच वेळ आम्ही दोघी पलंगाखाली रांगत होतो.

पलंगाखालीच मला ते सुचलं, असं सांगायला मला आवडतं. खरं तर पुस्तकात ते छापलेलंच होतं, मी वाचलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि हातातला रुमाल न वळणं वेगळं. सहा सपाट ठेवतो, पाच वाकवतो. दोन्ही लागतात. पंचकोन बाराच, पण प्रत्येकाला पाची बाजूंनी षटकोनांचा वेढा. दोन पंचकोन एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, चिकटले की तिथं बाक जास्त पडतो, ताण येतो.

"बरोबर आहे," मावशीनं जाहीर केलं. "दोन सवाष्णी एका पाटावर बसवू नाही."

मग काम सुरू झालं आणि अर्ध्याच्या पुढं गेल्यावर मणी संपले. आधी वाटलं पलंगाखाली राहिले. मग माझी चूक माझ्या लक्षात आली. मी मणी म्हणजे अणू समजत होते, आणि विणीत मणी म्हणजे अणू नव्हेच, मणी म्हणजे बंध. अणू कुठं? तर जिथं तीन मणी तोंडाला तोंड लावून टेकतात, तिथं. त्या जागेवर ठेवलेलं काहीच नसतं. साठ अणू, प्रत्येकाचे तीन बंध, पण प्रत्येक बंध दोघांच्या मालकीचा. म्हणजे बंध झाले नव्वद. सायन्सच्या पोरीनं धरणाऱ्यांची मोजदाद केली होती आणि धरण्याची विसरली होती.

बाजारात पुन्हा जायचं म्हणजे त्या उन्हात गुलमंडी. मावशीनं डबा उपडा केला. डाळिंबातून उरलेले लाल मणी निघाले, लागणाऱ्या तिसाहून थोडे जास्तच. "लावून टाक कुठंबी," ती म्हणाली. पण मला आता कुठंही लावायचे नव्हते. बारा पंचकोनांच्या सगळ्या कडा मिळून साठ होतात, तिथं माझे पांढरे पुरेपूर बसले. उरलेल्या तीस कडा षटकोन आणि षटकोन यांच्या मधल्या. दुहेरी बंध राहतात ते तिथंच. पंचकोनाच्या कडेला राहायला ते नाखूश असतात. शिवाय ते जरा आखूडही असतात, दोन्ही हातांनी धरलं की माणूस जवळ येतोच. लाल मणी म्हणजे वाटी घेऊन जायचं घर. आम्ही आधीचं सगळं उसवलं आणि नव्यानं ओवलं. संध्याकाळी मावशीनं शेवटची गाठ मारली तेव्हा पांढऱ्या फुलांच्या टोकाटोकांतून लाल ठिपके निघालेला, मोसंबीएवढा, चोख गोल चेंडू आमच्यासमोर होता. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

त्या चेंडूतली एक गोष्ट मला तेव्हाही फार आवडली होती आणि आज तर जास्तच आवडते. साठांतला कुठलाही अणू घ्या, त्याच्या जागेवरून चेंडू अगदी सारखाच दिसतो. कुणी टोकाचा नाही, कुणी मधला नाही, थोरलेपणाचा पाट कुणालाच नाही. सपाट राहायची सवय प्रत्येकाला सोडावी लागते, पण प्रत्येकाला थोडी आणि सगळ्यांना सारखी. लग्नाच्या तोंडावर मला भेटेल ती बाई सांगत होती की आता जरा वाकायला शीक. मी मनात म्हणायचे, शिकते की. बाकीच्या एकोणसाठ जणांना पण सांगितलंय का?

मांडवात रुखवताच्या टेबलावर तुळस आणि पोपट यांच्या मध्ये चेंडू बसला. समोर मावशीनं चमकीनं लिहिलेली पाटी, "फुलारीण". बघणाऱ्यांनी आपापल्या परीनं अर्थ लावला. कुणी म्हणालं फुटबॉल आहे, मुलगा खेळत असेल. एका काकांनी तो लाडू म्हणून उचलला होता. मग सासूबाई आल्या. त्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मी आत्याबाई म्हणते. उंच, उन्हानं रापलेल्या, नऊवारीचा पदर खोचलेल्या. शेतातून आल्यासारख्या चालत आल्या आणि चेंडू बोटांनी फिरवून बघितला.

"ही फुलारीन कशाची?"

माझ्या मागं आई उभी होती. तिची नजर मला पाठीवर जाणवत होती. "काजळीची," मी म्हणाले. "म्हणजे दिव्याच्या काजळीतपण असला कण नावापुरता सापडतो. माझ्या अभ्यासातलं आहे."

"काजळीतून येवढं देखनं?" असं म्हणून त्यांनी चेंडू जागेवर ठेवला आणि पुढं गेल्या. मी तेवढंच बोलू शकले. तोंडात परीक्षा हा शब्द येऊन परत गेला.

जेवणाच्या पंगतीत घास भरवायची वेळ आली आणि बायकांनी धोशा लावला, नाव घे, नाव घे. माझा उखाणा तयार होता. आईनंच पाठ करून घेतला होता, चांदीचं ताट, त्याच्याभोवती महिरप, नेहमीचा. मी घास हातात धरला. समोर विलास घामानं डबडबलेला, मुंडावळ्या एका कानावर गेलेल्या. त्याच्या बाजूला आत्याबाई. मला कळलं की आत्ता बोलले नाही तर मग कधीच बोलणार नाही, आणि उखाण्यात बोललेलं कुणी मागं घ्यायला सांगू शकत नाही. मी म्हणाले,

"साठ कर्बांची फुलारीण, प्रत्येकाला तीन शेजारी,
विलासरावांचं नाव घेते, परवा परीक्षा उभी दारी."

बायका सवयीनं हसल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. आईच्या हातातलं वाढपाचं भांडं तसंच राहिलं. विलासचं तोंड घासासाठी उघडं होतं ते उघडंच.

"परवा?" आत्याबाई म्हणाल्या. "अन् हे आमाला आज सांगताव व्हय?"

आई पुढं झाली. "नाही हो, तसं काही नाही. ती पुढच्या वर्षी देणार आहे. आमचं ठरलंय."

आत्याबाईंनी आईकडं बघितलं. आवाज चढवला नाही. "औंदा पाऊस नव्हता, ठावं व्हतं आमाला. तरी पेरलंच की. न पेरता कुनाच्या रानात काय आलंय?" एवढं बोलून त्या पानाकडं वळल्या आणि वाढप्याला म्हणाल्या, "भाजी आन इकडं." याचा अर्थ हो की नाही, हे मांडवात कुणालाच कळलं नाही. मलाही नाही. मी घास भरवला आणि विलासनं तो न चावता गिळला.

पिशोरला जाताना वाटेत एक आटलेला तलाव लागला. तळाचा गाळ वाळून तडकलेला, त्याच्या खापऱ्या झालेल्या. नव्या नवरीनं खाली मान घालून बसायचं असतं, पण मी खिडकीतून कोपरे मोजत होते. पाच, सहा, सहा, सहा, पाच. विलासनं विचारलं, काय बघतीय? मी म्हणाले, परीक्षेचा पोर्शन. त्यावर तो जे हसला, त्यावरून मला पहिल्यांदा वाटलं की ह्या माणसाशी आपलं जमेल.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. आत्याबाई दिवसभर माणसांत होत्या. माझ्याशी बोलल्या ते एवढंच की जेव, आणि पदर सावर. परीक्षेचं नाव नाही. भावकीतली एक म्हातारी मात्र उंबऱ्याशी बसून मोठ्यानं म्हणाली, "अंगाची हळद निघाली नाय अन् म्हनं परीक्षा." आत्याबाईंनी तिला आणखी एक प्रसादाचा द्रोण दिला. मी समजले, संपलं.

सकाळी उजाडता उजाडता मला त्यांनीच हलवून उठवलं. न्हाणीघरात पाण्याची बादली होती, काठोकाठ भरलेली. तिथं काठोकाठ म्हणजे काय, ते त्या वर्षी पिशोरात राहिलेल्यालाच कळेल. आदल्या दिवशी सगळं घर तांब्यानं अंग पुसत होतं. "डोक्यावरून घे," त्या म्हणाल्या. "परीक्षेला डोस्कं थंड लागतं."

मी न्हाऊन आले तर विलास दारात मोटारसायकल पुसत होता आणि आत्याबाई रुखवताच्या पेटीतून चेंडू काढून बसल्या होत्या.

"ह्याच्या आत काय असतंय?"

"काही नाही. पोकळ असतो."

"पोकळ? घरातून निघताना रिकामं कुनी जातं व्हय?" त्यांनी ओटीच्या ताटातलं हळकुंडाचं एक बारकं, बोटाच्या पेराएवढं कांडकं घेतलं आणि सहा मण्यांच्या एका घरातून उभं सारून आत ढकललं. चेंडू माझ्या हातात दिला. मग उंबऱ्याशी आलेल्या त्या म्हातारीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "हळद निघायच्या आत जाऊ नाय म्हन्तेत ना? घ्या. हळद संगंच चाललीय तिच्या."

म्हातारी उंबऱ्यावरून बाजूला सरकली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

हातात हिरवा चुडा, कपाळाला मळवट, मांडीवर चेंडूची पिशवी. मोटारसायकलवर तशी मी विद्यापीठात पोचले तेव्हा वाटेवरच्या धुळीनं माझा आणि विलासचा रंग एक झाला होता. परीक्षा घ्यायला बाहेरगावचे एक सर आले होते. गंभीर गृहस्थ. खरं फुलरीन आमच्या प्रयोगशाळेत कधी आलंच नव्हतं. काळी पूड टोल्युइन नावाच्या द्रावकात विरघळवली की जांभळा रंग येतो, तो रंग आम्ही फक्त पुस्तकात वाचला होता. म्हणून मी चेंडू काढला. पांढरे बंध, लाल बंध, पाच कुठं, सहा कुठं, सगळं बोट ठेवून सांगितलं. दर वाक्याला बांगड्या वाजत होत्या. सरांनी चेंडू हातात घेऊन हलवला.

"आत काय आहे?"

"हळकुंड, सर."

सर माझ्या मळवटाकडं बघून हसले आणि मग एकदम कामाचं विचारलं. "खऱ्या रेणूत असं काही आत राहू शकतं का?"

"राहू शकतं, सर. असल्या काही पिंजऱ्यांत धातूचा अणू बसतो, तो आपले इलेक्ट्रॉन भिंतींना देऊन टाकतो. हेलियमही आत राहतो, पण तो कुणाशी बंध करत नाही. नुसता असतो."

"मग बाहेर का पडत नाही?"

"दारं लहान आहेत, सर," मी म्हणाले. आणि मला वाटतं मी पास झाले ती तिथंच.

आता आमचंही घर शहरात आहे. जिथं पाण्याची मुबलक सोय लिहिलेली पाटी होती, बहुतेक तिथंच. आत्याबाई आमच्याकडं असतात. टँकर आला की बाल्कनीतून त्याला सूचना देतात. ह्या घरात आपण धातू की हेलियम, असा प्रश्न मला मधूनमधून पडतो. भांडण झालं की हेलियम वाटतं, एरवी धातू. चेंडूचा दोरा मावशीनं मध्ये एकदा बदलून दिला. तेव्हा हळकुंड बाहेर निघालं होतं, ते तिनं विचारून पुन्हा आत घातलं.

परवा मी पत्रिका आणि प्रश्नांचे कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले होते. आत्याबाई शेंगा सोलत होत्या. इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलं. "आत्याबाई, तुम्ही तेव्हा मला पाठवलं, ते माझा उखाणा आवडला म्हणून का?"

"कंचा?"

मी म्हणून दाखवला. साठ कर्बांची फुलारीण, तीन शेजारी, सगळा.

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "त्यातलं काय बी कळलं नव्हतं मला," म्हणाल्या. "कर्ब नाय, शेजारी नाय. 'परवा' तेवढं कळलं. म्हनून पंगतीतून उठल्या उठल्या विलासला म्हन्लं, गाडीत पेट्रोल भरून ठेव."